चिंच-मीठ आणि सिसिलीचं नाणं

सिंकशेजारी वाटीत काही भिजत ठेवलेलं असलं की ते घासायचं असतं, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मी मात्र बाहरीनमध्ये, हूऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या ओट्यावर, सिंकला अगदी खेटून, काचेच्या वाटीत दोन हजार वर्षांहून जुनं ब्राँझचं नाणं भिजत ठेवलं आणि हॉस्पिटलला निघून गेले. घरात माझी आई होती. पुढे जे झालं त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मला वाटलं, आणि चांगलं आरडाओरडा करण्याइतकं वाटलं.

आधी नाण्याचं सांगते. मी एक्स-रे टेक्निशियन आहे. नवरा सखीरला युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. इथे पगारातून चार पैसे उरले की लोक सोनं घेतात. मी ग्रीकांची ब्राँझची नाणी घेते, तीही कुणाला नको असलेली, गंजलेली, ओळख न पटणारी. मैत्रिणी मला वेडी म्हणतात, नवरा भंगारवाली म्हणतो. हा नाद मला इथल्याच म्युझियममध्ये लागला. या बेटाला ग्रीक लोक टायलॉस म्हणायचे आणि त्या काळातली भांडी, मणी, बाटल्या इथल्या कबरींमधून निघाल्या, हे एका काचेच्या कपाटासमोर उभं राहून वाचलं आणि मी तिथून हलेचना. नवरा दोनदा बोलवायला आला, तिसऱ्यांदा गाडीत जाऊन बसला.

त्यातही माझा जीव एका प्रकारावर आहे, तो म्हणजे नाण्यावर पाडलेलं नाणं. नवं नाणं पाडायचं तर धातू वितळवा, चकत्या ओता, वजनं जुळवा, अशी शंभर कामं. कधी तेवढी सवड नसायची, कधी धातूच नसायचा. मग बाजारात चालणारं जुनं नाणं घ्यायचं, तापवायचं, दोन ठशांमध्ये धरायचं आणि वरून हातोडा घालायचा. जुनं चित्र चेपतं, नवं उमटतं. पण जुनं पुरतं जात नाही. कडेला कुठेतरी एखादा कान, एखादं अक्षर, एखादी शेपटी राहून जाते. ते राहिलेलं हुडकायचं आणि खाली कुणाचं नाणं होतं ते ओळखायचं. नाशिककडच्या माणसाला ही गोष्ट अगदीच नवी नाही. क्षत्रपांच्या नाण्यांवर सातवाहनांनी आपले ठसे मारले आणि त्या चांदीच्या नाण्यांचा ढीग आमच्याच भागात सापडला, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तेव्हा मी ते घोकून सोडून दिलं.

वाटीतलं नाणं परदेशातल्या एका लिलावातून टपालाने आलेलं होतं. राणीछाप रुपयाएवढं रुंद, पण जाडीला त्याच्या दुप्पट तरी. बरोबरच्या चिठ्ठीत ते सिसिलीचं आहे आणि बाकी ओळख पटत नाही, एवढंच होतं. वर हिरवा-काळा दगडासारखा थर. एका बाजूला नाकासारखं काहीतरी, दुसऱ्या बाजूला पंजा. आणि कडेला एक उंचवटा, जो तिथे असायला नको होता. तो बघून माझ्या मनाने घेतलं, की याच्या खाली दुसरं नाणं आहे. अशी नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायची, आठवड्याला पाणी बदलायचं आणि वाट बघायची. माती आपली आपण सुटते. घासायचं मुळीच नाही, कारण तो हिरवा थर संग्राहकांना जिवापलीकडे प्यारा असतो. त्याला ते पॅटिना म्हणतात. तो गेला की नाण्याची इभ्रत गेली.

आई सिन्नरकडून व्हिजिट व्हिसावर आली होती. वडील गेल्यापासून ती गावी एकटी राहते. मी कितीतरी वर्षं तिच्या मागे लागले होते, शेवटी आली. व्हिसा वाढवून घेता येत होता, आणि मला ती उन्हाळाभर हवी होती. कारण एवढंच, की मला माझी आई घरात हवी होती. तिला मात्र इथे करमेना. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, शाळेचे गणवेश, ब्लाउज, परकर, मोठ्या भावाच्या पँटी धाकट्याच्या मापाच्या करून देणं. इथे मशीन नाही, अंगण नाही, बोलायला शेजारीण नाही. तिला हात रिकामे ठेवता येत नाहीत.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली होती. आई लिफ्टने खाली गेली, रत्नागिरीच्या चाचांच्या दुकानातून जुनी काळी चिंच मागून आणली आणि कपाटावरची बुद्धाची मूर्ती, तांब्याचा तांब्या, होतं नव्हतं ते चिंच-मिठाने घासून काढलं. थोडी चिंच उरली. उरलेली चिंच टाकून देणं तिच्या स्वभावात नाही. वाटीतलं नाणं तिला दिसलं.

मी घरी आले तर तिने ते पांढऱ्या रुमालावर ठेवून दाखवलं. म्हणाली, किती कळकट झालं व्हतं, आता बघ. नाणं नव्या पातेल्याच्या बुडासारखं लालबुंद चमकत होतं.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. आवाज चाचांच्या दुकानापर्यंत गेला असणार. कुणी सांगितलं होतं हात लावायला, हे दोन-तीनदा म्हटल्याचं मला चांगलं आठवतं. आईने ऐकून घेतलं, रुमालाची घडी केली आणि खोलीत गेली. नवरा म्हणाला, अगं, भंगार चकचकीत झालं, एवढंच ना. त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गॅससमोर उभी, हात पाठीमागे.

"बाई, पातेल्याला शिवू का?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने फ्रिजपाशी जाऊन विचारलं, तुझ्या फ्रिजला शिवलेलं चालंल का. टीव्हीच्या रिमोटला शिवू का. नळाला शिवू का. तोंडावर रेषही न हलवता.

आपल्या भाषेत शिवणं दोन. एक सुईदोऱ्याचं, ज्याच्यावर आईने आम्हा तिघा भावंडांना वाढवलं. दुसरं स्पर्शाचं, आणि ते तिने पोरपणी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, विहिरीवर, गिरणीत, शाळेच्या माठापाशी. घरात तो शब्द ती कधी वापरायची नाही. लहानपणी आम्ही शिवाशिवी खेळायचो तर ती म्हणायची, पकडापकडी म्हणा. आता तोच शब्द तिने काढला होता आणि दिवसभर मला टोचत होती. आईला रागावता येतं ते असं. मी तिचीच मुलगी, म्हणून मला मोठ्याने रागावता येतं, पण तिच्यासारखं जमत नाही.

मी दोनदा माफी मागितली. तिने दोन्ही वेळा 'बरं' म्हटलं आणि हात काही पाठीमागून पुढे आले नाहीत. पौर्णिमेला वंदना झाली, खीर झाली, खीर मीच ढवळली. रात्रीच्या जेवणात तिने शांतपणे सांगितलं, की माझं तिकीट काढ. ज्या घरात कशाला शिवायचं ते माहीत नही, तिथं किती दिवस ऱ्हायाचं. मी रडले. त्याचाही तिच्यावर काही परिणाम झाला नाही. मग मी तिच्यासमोरच मोबाईलवर तिकीट पाहायला घेतलं, मुद्दाम हळूहळू, आणि नेट चालत नाही म्हणून बंद केलं.

शुक्रवारी सुट्टी. नवरा मासळी आणायला गेला होता, आई हॉलमध्ये सोफ्यावर मांडीत हात ठेवून बसली होती. मी नाणं ड्रॉवरमध्ये टाकून द्यायला काढलं. टाकण्याआधी एकदा खिडकीपाशी नेलं, सवय म्हणून. सकाळचं ऊन आडवं येत होतं. नाणं थोडं तिरकं केलं आणि मी खाली जमिनीवरच बसले.

नाक होतं त्या ठिकाणी अख्खी बाई होती. केसांत कणसांची माळ, कानात लोंबता डूल. दुसऱ्या बाजूला पंज्याच्या मागे पूर्ण चित्ता, एक पाय उचलून चाललेला. चिंचेने सगळा थर खाऊन टाकला होता, आणि त्याच्याबरोबर माझ्या नाण्यावरचा बुरखाही. लॅपटॉप उघडला. सिसिलीतल्या एका डोंगरावरच्या गावाचं नाणं, बाई आणि चित्ता, लगेच सापडलं. आणि त्या गावाने ही नाणी बहुतेक दुसऱ्यांच्या नाण्यांवर पाडली, असं तिथेच लिहिलं होतं.

मग मी खालचं शोधायला लागले. बाईच्या हनुवटीखाली डॉल्फिन दिसला. मी ओरडणारच होते. पण पुन्हा चित्र पाहिलं तर या बाईच्या भोवती डॉल्फिन असतातच, ते वरच्याच ठशाचे. नाणं उलटलं. चित्त्याच्या पोटाखाली बारीक रेघा होत्या, एका ठिकाणाहून चहूकडे गेलेल्या. तारेच्या घासणीचे ओरखडे. म्हणजे चिंच पुरली नाही, वर घासणीही मारली होती. माझं डोकं परत फिरलं. मी उठलेच होते हॉलमध्ये जाऊन आणखी बोलायला.

आणि उठता उठता त्या रेघांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडलं.

ओरखडा धातूत आत जातो, त्यात नख रुततं. या रेघा वर आलेल्या होत्या. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडलं. घासणीने धातू उंच होत नाही. हॉस्पिटलमध्ये दिवसभर मी एकावर एक पडलेल्या सावल्या बघते, बरगडीमागे डाग आहे की बरगडीच तशी आहे हे ठरवणं माझ्या हातचा मळ, आणि घरच्या नाण्यावर मात्र मी घासणीला दोष देऊन मोकळी झाले होते. नाणं हळूहळू फिरवत गेले. रेघा नव्हत्या त्या, किरण होते. चांदणी होती. समुद्रातल्या ताऱ्यासारखी, आठ बाजूंनी पसरलेली, चित्त्याच्या पोटाखाली चेपलेली. आणि चित्त्याच्या पाठीवर, कडेचा तो उंचवटा, ज्याच्यासाठी मी हे नाणं घेतलं होतं, ती शेपटी होती. डॉल्फिनची शेपटी, आणि या बाजूला डॉल्फिनचं काही काम नव्हतं.

दोन डॉल्फिन आणि मध्ये तारा. सिराक्यूज. तिथल्या जुलमी राजाचं जाडजूड ब्राँझ. ते चित्र मी इतक्या वेळा पाहिलेलं होतं, की लॅपटॉप बघायचीही गरज नव्हती. तरी पाहिलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला.

मी हॉलमध्ये पळाले. आईला म्हटलं, ऊठ, खिडकीपाशी चल, तुझ्या चिंचेने काय काढलं ते बघ. ती उठेना. म्हणाली, माझी समजूत काढू नको. तिला वाटत होतं, मी तिला ठेवून घ्यायला काहीतरी रचतेय. मी तिला हाताला धरून उठवलं. नाणं तिच्यापुढे धरलं, तर तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी शिवत नही त्याला."

मग मीच धरलं. तिचा चष्मा तिच्या नाकावर चढवला, नाणं उन्हात तिरकं केलं, इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. तिला चित्ता दिसला, चित्त्याला ती वाघ म्हणाली. बाकी काही दिसेना. मी सांगत होते, पोटाखाली बघ, ती म्हणत होती, काय नही तिथं. मला दिसलेलं तिला दिसलंच पाहिजे होतं. तिला दिसलं नाही तर माझं सगळं बोलणं खोटी समजूतच ठरणार होतं. मग सुचलं. मी विचारलं, आई, जुनी पँट उसवून लहान केली की जुन्या टिपेचं काय होतं.

"इस्त्री फिरवली तरी रेघ ऱ्हाती. उजेडात धरली की दिसती," ती म्हणाली.

"तशी रेघ शोध."

ती वाकली. मान तिरकी केली. मग नाकाने श्वास घेतला, जशी ती सुईत दोरा गेला की घेते, आणि म्हणाली, चांदणी हाये. वाघ चांदणीवर उभा ऱ्हायलाय.

मी तिला गच्च मिठी मारली. ती म्हणाली, सोड, चष्मा पडल.

मग तिला गोष्ट सांगितली. तो राजा मोठा जुलमी. त्याने बेटावरच्या लहान लहान गावांना दाबून ठेवलं होतं, त्याचं नाणं सगळीकडे चालायचं. पुढे राज्य मोडलं, गावं मोकळी झाली. अभ्यासक म्हणतात, या गावांनी तेव्हा त्याचीच नाणी घेतली आणि त्यांच्यावर आपला ठसा मारला. आईने विचारलं, वितळवून का नही टाकलं मंग. मी म्हटलं, तेवढी भट्टी, तेवढं जळण, तेवढी सवड कुठून आणणार. हाती जे होतं त्याच्यावरच ठोकलं. ती 'हं' म्हणाली.

नाणं पेटीत ठेवताना मला माझंच हसू आलं. इथे मराठी लोकांच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलं, की वडा संपायच्या आत कुणीतरी आडनाव विचारतं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, मूळचे कुठले. सिन्नरकडचे म्हटलं तरी समाधान होत नाही. म्हणजे कुणापैकी, म्हणून माणूस मला उजेडात तिरकं धरून बघत राहतो. मी सरळ सांगते, बौद्ध, आणि विचारणाऱ्याला लगेच चटणी वाढायची आठवण होते. मला त्या प्रश्नाचा इतका संताप येतो, की नवरा आधीच माझा हात धरून ठेवतो. आणि सकाळपासून मी नाण्याला दुसरं काय विचारत होते?

आईच्या मनाला जे लागलं होतं, ते अजून मिटलं नव्हतं. चहा पिताना ती म्हणाली, तुझं नाणं चांगलं निघालं ते त्याचं नशीब. नसतं निघालं, मंग? मी शिवले ते शिवलेच. तिकिटाचं बघ. चांदणी दाखवली की आई राहणार, असं मी धरूनच चालले होते.

संध्याकाळी मला रिफाला जायचं होतं. तिथे एका निवृत्त शाळामास्तरांच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत, आम्ही सात-आठ नाणीवाले शुक्रवारी जमतो. ते बाहरीनी आहेत, आयुष्य शिकवण्यात गेलं, आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणतो. जुन्या लोकांसारखं हिंदी चांगलं बोलतात. त्यांचा एक नियम आहे, घासलेलं नाणं माझ्या टेबलावर ठेवायचं नाही. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, की मला दिसलं ते खरं आहे. आणि आईने तिथे असावं, असंही वाटत होतं. ती एकटी बसायला नको म्हणून तयार झाली. नवी पांढरी साडी नेसली.

रिफाला उस्तादांच्या दारात नेहमीसारख्या गाड्या लागलेल्या. त्यांनी आईला सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर बसवलं, कहवा दिला, खजूर पुढे केले. मी रुमाल उघडला. ते चमकतं लाल नाणं बघून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, खलास. मग विचारलं, हे कुणी केलं. मी गाडी चालवता चालवता उत्तर तयार करून ठेवलं होतं, आधीच असं आलं वगैरे. तोंड उघडायच्या आत आई म्हणाली,

"मैं घासी. इमली लगाके."

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. आईने नजर खाली घेतली नाही. मी घाईघाईने म्हटलं, आधी भिंग घ्या, चित्त्याच्या पोटाखाली बघा. त्यांनी नाइलाजाने घेतलं. पाहिलं. म्हणाले, ठसा दोनदा बसलाय, हात हलला की होतं असं. मला माहीतच होतं ते असं म्हणणार. मी म्हटलं, दोनदा बसला तर दोन चित्ते दिसले पाहिजेत. ही चांदणी ना बाईच्या ठशात आहे ना चित्त्याच्या. मग आली कुठून? त्यांनी पुन्हा पाहिलं. नाणं उलटं फिरवलं. टेबलावरचा दिवा ओढून जवळ घेतला, तो पुरेना म्हणून मोबाईलची बत्ती लावली. मी नख चावत होते. आई शांतपणे खजूर खात होती.

उस्ताद उठून उभे राहिले. मी त्यांना कधी असं उठताना पाहिलं नव्हतं, त्यांचे गुडघे दुखतात. शेपटी, ते म्हणाले, इथे शेपटी आहे. मी म्हटलं, हो. सिराक्यूज, ते म्हणाले. मी म्हटलं, हो. मग ते भराभर अरबीत बाकीच्यांना सांगायला लागले, नाणं या हातातून त्या हातात गेलं, प्रत्येकाने नख फिरवलं, एकाने फोटो काढले, दुसऱ्याने त्याला फोटोची बत्ती बंद कर म्हणून झापलं. मी तिथे नाचले असते, पण आई बघत होती.

नाणं फिरून उस्तादांकडे आलं. त्यांनी ते तळहातावर ठेवून आईपुढे धरलं. आईने हात पाठीमागे घेतले. खुर्चीला टेकलेल्या बाईला हात पाठीमागे घेणं सोपं नाही, तरी तिने घेतले. त्यांनी मला विचारलं, अम्मा घेत का नाहीत. आईनेच सांगितलं, बेटी को चलता नहीं.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात आगाऊपणा केलेल्या पोरीकडे मास्तर बघतात, तसं. मग आईला म्हणाले,

"अम्मा, ये आपके हाथ से निकला है. लो. बाकी के पास बस इमली मत ले जाना."

आई पहिल्यांदा हसली. हात पुढे आले. तिने नाणं घेतलं, शिलाईवाल्या बाईच्या बोटांनी त्याची कड चाचपली, वाघ बघितला, चांदणी बघितली आणि अंगठ्याने पुसून परत दिलं. पण तिकिटाचं ती काही बोलली नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

परत येताना गाडीत ती बराच वेळ बाहेर बघत होती. रिफाचे बंगले संपले, हायवे लागला. मग तिने विचारलं, आता त्या नाण्याला काय म्हणायचं, खालच्या राजाचं का वरच्या गावाचं. मी म्हटलं, वरच्या गावाचं. ती म्हणाली, खालची चांदणी दिसती तरी? मी म्हटलं, दिसली तरी. जगात कुठल्याही पुस्तकात बघ, ज्यांनी शेवटचा ठसा मारला त्यांच्याच नावावर ते लावतात. खाली कोण होतं ते बारीक अक्षरात लिहितात, ज्याला हवं तो वाचतो.

आम्ही हूऱ्यात शिरलो, सिग्नलला थांबलो. तिने साडीचा पदर नीट केला.

"माझ्या बापानं धम्म घेतला तव्हा मी त्याच्या खांद्यावर व्हते," ती म्हणाली. "त्यानंतर गाव त्याला मरेपर्यंत खालच्याच नावानं हाक मारत व्हतं."

सिग्नल सुटला होता आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"चल," आई म्हणाली. "आन् ते तिकीट काढू नको. मी ऱ्हाते."